घोड्यांचा ट्रेलर, पुढे राहायची खोली: रुंदी ६ फूट, ७ फूट का ८ फूट?

काटोलरोडकर
नमस्कार मंडळी. नागपूरजवळ काटोल रोडला आमची संत्र्याची बाग आहे, बागेतच पागा आहे, दोन मारवाडी जातीचे घोडे आहेत, उंचीला घोडी ६१ इंच अन् घोडा ६४ इंच. मुलगी जम्पिंग आणि टेंट पेगिंग (पळत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलायचा खेळ) करते त्यामुळे पुण्याकडे स्पर्धेला जाणं असते, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेलाही जातो. आजवर भाड्याची गाडी करून नेऊन राहिलो, म्हणजे घोडे एका गाडीत आणि आम्ही दुसऱ्या गाडीत, आणि मुक्कामाला पोचलो की कोणाला तरी घोड्यांजवळच पडून राहा लागते कारण घोडी नवीन जागी रात्रभर अस्वस्थ असते.

तर आता ट्रेलर बांधून घ्यायचा विचार पक्का करून राहिलो. मागे दोन घोडे, पुढे राहायची खोली, म्हणजे पलंग, ओटा, लहानसं बाथरूम. ओढायला घरचा ट्रक आहे, तोच हंगामात कळमन्याच्या बाजारात माल नेते. बॉडीवाला पहिलाच प्रश्न विचारते की रुंदी किती धरू, आणि इथेच गाडी अडली. मुलीने अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले, ती म्हणते ८ फूट. घरून पण ८ चाच आग्रह आहे. ट्रकचा ड्रायव्हर म्हणते ६ च्या वर गेले तर मी बागेत आणणार नाही, कारण डांबरी सोडल्यावर पांदण रस्ता आहे अन् फाटक १० फुटाचे आहे. कोणी असं काही बांधलं असेल, वापरलं असेल, तर मोकळेपणाने सांगा. पैशाचं नंतर पाहू, आधी माप बरोबर व्हायला पाहिजे.

ह्यूस्टन_वाया_खामला
काटोलरोडकर भाऊ, मी मूळचा खामल्याचा, आता टेक्सासात असतो आणि इथे असे ट्रेलर ओढतो. इथे रुंद्या साधारण ६ फूट, ६ फूट ८ इंच, ७ फूट, साडेसात आणि ८ अशा मिळतात. लोक आत जाऊन सोफ्यावर बसून रुंदी ठरवतात. मी म्हणतो आधी ट्रेलरच्या बाहेर उभं राहा आणि चाकं कुठे आहेत ते पाहा, कारण रुंदीचा सगळा खेळ तिथेच ठरतो.

अमेरिकेत मोठ्या महामार्गांवर गाडीची रुंदी १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट, हे १९८२ च्या कायद्याने ठरलं आहे. बाकीच्या रस्त्यांवर काही राज्यांत ९६ इंचच चालते. आता ७ फुटी बॉडी घ्या, ८४ इंच. दोन्ही बाजूंना बाहेर चाक आणि मडगार्ड मिळून ९-९ इंच धरा, झाले १०२. म्हणजे चाकं बॉडीच्या बाहेर ठेवून जास्तीत जास्त जेवढी रुंदी मिळते ती ७ फूट. त्यापुढे गेलात की चाक बॉडीच्या खाली सरकते. साडेसातमध्ये थोडंसं, ८ मध्ये पूर्ण. आणि चाक खाली सरकले की दोनच रस्ते उरतात, एक तर जमीन उंच करा नाहीतर आतमध्ये चाकावर पेटी करा.

८ फुटीची खोली मस्त वाटते यात वाद नाही. पण किंमत घोड्याच्या बाजूला मोजावी लागते हे खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही.

काटोलरोडकर
हे चाकाचं डोक्यातच नव्हतं. ८ फुटात ती पेटी नेमकी घोड्याच्या कुठे येते? त्याला लागते का?

पागेची_डॉक्टर
पशुवैद्य आहे, नागपूर-वर्धा भागातच घोडे पाहते. पेटी घोड्याला नेमकी कुठे लागेल हे घोडा कसा उभा आहे त्यावर आहे. तिरके उभे करणार असाल, डोके डावीकडे पुढे आणि पुट्ठा उजवीकडे मागे, तर डावी पेटी गव्हाणीखाली जाते, तिचा त्रास कमी. उजवी पेटी मागच्या पायांजवळ येते, ती मला आवडत नाही. गाडी वळली, ब्रेक लागला की घोडा तोल सांभाळायला पाय फाकवून उभा राहतो. मागचा पाय बाहेर टाकायला गेला आणि तिथे लोखंडी पेटी असली की एक तर खूर घासते, नाहीतर तो पाय टाकतच नाही आणि सगळा प्रवास अंग आवळून करतो. उतरल्यावर घामाघूम असते ते जनावर. पेटीला रबर लावता येते, पण जागा काही परत येत नाही.

आणि एक, फार महत्त्वाचं. रुंदी म्हणजे तिरक्या उभ्या घोड्याची लांबी. मारवाडी असो की थरोब्रेड, नाकापासून शेपटीपर्यंत घोडा ८ फुटाच्या आसपास भरतो. ६ फुटी ट्रेलरमध्ये दोन घोड्यांमधली फळी बाजूच्या भिंतीशी ५० अंशात लावली तर फळीची लांबी ७ फूट १० इंच येते, ७ फुटीत ९ फूट २ इंच, ८ फुटीत १० फूट ५ इंच. त्यातही दोन्ही टोकांचे कोपरे वाया जातात. तुमच्या ६४ इंची घोड्याला ६ फुटी म्हणजे मान वर धरून उभं राहणं. तासन् तास डोके खाली घालता आले नाही तर श्वासनळीतला कफ बाहेर पडत नाही, धूळ आत बसते, आणि लांबच्या प्रवासानंतर जो न्यूमोनिया होतो त्याचं हे मोठं कारण आहे. म्हणून ६ फूट माझ्याकडून नाहीच. ड्रायव्हरदादांना सांगा, डॉक्टर नाही म्हणते.

रिंगरोड_ट्रान्सपोर्ट
भाऊ मी घोडे नाही वाहत, मी लोखंड अन् कापूस वाहतो, पण मागं ट्रॉली लावून सगळ्या विदर्भात फिरतो म्हणून बोलून राहिलो. तुमचा ड्रायव्हर घाबरते ते उगाच नाही. डांबरी एकपदरी रस्ता ३.७५ मीटरचा, खेड्यातला ३ मीटरचा. कायद्यात गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते. म्हणजे ३ च्या रस्त्यावर तुमच्या दोन्ही बाजूला मिळून हातभर जागा उरली, समोरून बैलबंडी आली तर कुठं जाणार? संत्र्याच्या फांद्या पण आडव्या येतात, विजेच्या तारा खाली आल्या असतात, ते वेगळं.

पण सरळ रस्त्यात अडत नाही कोणी, अडते वळणावर. ट्रेलर ट्रकच्या चाकोरीत येत नाही, वळणाच्या आतून कापते. हुकापासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर जेवढं जास्त तेवढं जास्त कापते. म्हणून नुसती रुंदी मोजून काही होत नाही, पांदणीचं सगळ्यात वाईट वळण कोणतं ते पहा, तिथं चुन्याने ट्रकच्या चाकाची रेघ मारा अन् आतल्या बाजूला किती जागा उरते ते मोजा. फाटक १० फुटाचे म्हणता ते खांबापासून खांबापर्यंत का कवाड उघडल्यावर? कवाडाचे बिजागर अन् जाडी धरून मोजा. अन् फाटकाच्या आधी लगेच वळण आहे का? सरळ शिरायला मिळालं तर १० फुटातून २.६ ची गाडी आरामात जाते, तिरकं शिरा लागलं तर नाही जात.

काटोलरोडकर
फाटक कवाड धरून ९ फूट ५ इंच भरले आत्ता, बिजागराकडून कवाड जागा खाते हे बरोबर निघाले. शिरायला सरळ आहे. वाईट वळण नाल्याच्या रपट्याजवळ आहे, उद्या तिथे चुना टाकतो.

वर्धारोड_वहिनी
मी घोड्यांतली नाही, पण आमच्या घरी कॅरॅव्हॅन आहे आणि आम्ही मुलाबाळांसकट तिच्यात राहतो, तर खोलीच्या बाजूने कोणीतरी बोलायला पाहिजे म्हणून लिहिते. ८ फूट मागणाऱ्या तुमच्या घरच्यांना वेड्यात काढू नका. आतली मापं अशी असतात: ओट्याला किमान ५० सेंटीमीटर, समोर बसायला बाक ६० ते ६५, मधून एक माणूस नीट चालायला ७५. ही झाली १.९० मीटर. म्हणजे आतून २ मीटर मिळाले तर खोली होते, त्याच्या खाली गेलात की ओटा आणि बाक समोरासमोर येत नाहीत, एकाच भिंतीला लावा लागतात.

६ फुटीत इन्सुलेशनचे पॅनल लावल्यावर आतून साडेपाच फूट आणि वर थोडं उरते, त्यात पलंग आडवा टाकला तर उंच माणसाचे पाय दुमडतात. ७ फुटीत आडवा पलंग बसते. ८ फुटीत तोच पलंग बसते आणि मधली वाट रुंद होते, बाकी विशेष काही वाढत नाही. माझं म्हणणं, घरातल्या हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टीने २ मीटरची खोली आखा, आत खुर्च्या आणि पाट ठेवून ओटा अन् पलंग मांडा, आणि सगळे त्यात एक संध्याकाळ राहून पहा. कोण कोणाला धडकते ते लगेच कळते. कागदावरच्या आकड्याने घरच्यांचं समाधान होत नाही.

पॅनलमध्ये मात्र कंजुषी करू नका, त्यासाठी ८-१० सेंटीमीटर जातात ते जाऊ द्या. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, पातळ पत्र्याच्या डब्यात एसी लावून काही उपयोग नाही.

मुलीची_बाजू
मी यांचीच मुलगी, बाबांच्या धाग्यावर लिहिते आहे, चालेल ना? माझं ८ फुटाचं कारण खोली नाही, घोडा आहे. जहागीर (६४ इंच) भाड्याच्या गाडीत चढताना प्रत्येक वेळी थांबतो, आत अंधार आणि अरुंद दिसलं की मागे सरतो. रुंद जागेत तो चटकन चढतो हे मी रॅम्पवर पाहिलं आहे. म्हणून मला वाटते जेवढं रुंद तेवढं त्याला बरं.

पागेची_डॉक्टर
बेटा, निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि हे बोललीस ते चांगलं केलंस. फक्त त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चढताना घोड्याला मोकळं, उजेडाचं तोंड लागते. ते मागच्या दाराच्या रुंदीवर, छताच्या उंचीवर, खिडक्यांवर आणि आतून पांढरा रंग आहे का यावर असते. चढल्यावर मात्र त्याला आपल्या बाजूला आधार लागतो, फार मोकळ्या जागेत वळणावर तो इकडून तिकडे फेकला जातो. साधारण एक मीटर रुंद कप्पा चांगला, आणि फळी जमिनीपर्यंत न आणता खाली मोकळी ठेवायची म्हणजे पाय फाकवता येतात. जहागीरला मागचं तोंड पूर्ण रुंदीचं द्या, तेवढ्याने त्याचा प्रश्न सुटेल असं मला वाटते.

हिंगणा_बॉडीबिल्डर
हिंगणा एमआयडीसीत बॉड्या बांधतो. सगळ्यांचं वाचलं, आता लोखंडाच्या भाषेत सांगतो.

७ फूट कोणतं, आतून का बाहेरून, हे आधी लिहून घ्या. इथेच निम्मी भांडणं होतात. टायर ७.००-१६ धरा, रुंदी साधारण २० सेंटीमीटर, बॉडीपासूनची फट आणि मडगार्डची कड मिळून साडेतीन, म्हणजे एका बाजूला साडेतेवीस. बाहेरून पूर्ण ७ फूट म्हणजे २.१३ मीटर बॉडी ठेवली तर दोन्ही बाजू धरून बरोबर २.६० होते. काठावर. वेल्डिंगला पत्रा थोडा ओढला, कुठे बिजागर बाहेर आलं, सावलीच्या कापडाचा रोलर बाजूला लावला, की गेले वर. आरसे अन् इंडिकेटर त्या मापात धरत नाहीत, बाकी सगळं धरतात असं समजून चाला. म्हणून मी बॉडी बाहेरून २.०८ ठेवीन, मडगार्ड ते मडगार्ड २.५५ येते, पाच सेंटीमीटर हाताशी राहतात. आतून मिळतात २ मीटर. वहिनींना लागतात तेवढेच.

आता डॉक्टर म्हणतील २ मीटरमध्ये ५० अंशाची फळी २.६१ मीटर, म्हणजे ८ फूट ७ इंच, ६४ इंची घोड्याला जेमतेम. तर फळी ४५ अंशात लावायची. लगेच २.८३ मीटर होते, ९ फूट ३ इंच. हीच लांबी ५० अंशात पाहिजे असेल तर रुंदी २.१७ करा लागते, म्हणजे चाकं खाली घ्या लागतात. नुसती फळी पाच अंश तिरकी केली तर १७ सेंटीमीटर रुंदीचं काम होते. किंमत काय, तर दोन घोड्यांच्या भागाची लांबी ४.२९ वरून ४.८३ होते, अर्धा मीटर पत्रा जास्त.

अजून एक, लोकांना वाटते ८ फुटी बॉडी रुंद म्हणून जास्त स्थिर. उलट आहे. चाकं बाहेर असली की दोन चाकांमधलं अंतर जास्त मिळते, ८ फुटीत ती बॉडीखाली असल्याने आत सरकतात. आणि चाकं बाहेर म्हणजे जमीन दोन चाकांच्या मध्ये खाली बसवता येते, त्यामुळे रॅम्प पण कमी चढाचा होते आणि वजन खाली राहते. घोडा उंच जनावर आहे, त्याचं वजन वर असते, घाटात हे फार कामाला येते.

रिंगरोड_ट्रान्सपोर्ट
काका अर्धा मीटर लांबी फुकट नाही भेटत. वळणाला कापते म्हणून आधीच सांगितलं.

हिंगणा_बॉडीबिल्डर
मान्य आहे. ॲक्सल पुढेच ठेवून सगळा अर्धा मीटर मागे टाकला तर वळण वाढत नाही पण हुकावरचं वजन कमी होते, मग गाडी मागून डोलते, ते घोड्यांसोबत करायचं नाही. हुकावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के आलेच पाहिजे. म्हणजे ॲक्सल थोडा मागे जाईल आणि वळणाला थोडं जास्त कापेल. ते त्यांच्या रपट्यावरच्या चुन्याच्या रेघेत बसते का पाहायचं, बस. आठ फुटी बांधून रोज दोन्ही बाजूंनी फांद्या घासण्यापेक्षा हे बरं.

मुळामुठा_स्वार
पुण्याहून लिहितोय. धागा उत्तम चाललाय. नियमांचं कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून भर घालतो, कारण त्यावरून रुंदीचा निकाल बराचसा लागतो.

जनावरं नेणाऱ्या गाड्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-ई हा नियम आहे, २०१६ पासून लागू. कायमच्या फळ्या पाहिजेत आणि घोडा किंवा घोडीला किमान २.२५ चौरस मीटर जागा पाहिजे. दोन घोडे शेजारी शेजारी सरळ उभे करायचे ठरवलं आणि रुंदी ६ फूट असली तर ७ फूट लांबीच्या कप्प्यात एकेकाला १.९५ चौ. मी. मिळतं, बसत नाही. काकांच्या ४५ अंशाच्या कप्प्यात, एक मीटर रुंद धरून, २.८३ मिळतं. उत्तम. त्याच नियमात जनावरांच्या गाडीत दुसरा माल न्यायचा नाही असंही आहे, त्यामुळे राहायची खोली असलेला नकाशा बांधण्याआधी तपासणी संस्थेला दाखवून घ्या. ट्रेलरला टाइप अप्रूव्हल, म्हणजे नमुन्याला मान्यताप्राप्त तपासणी संस्थेची मंजुरी लागते, ती पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची (जुनं अहमदनगर) व्हीआरडीई देते, नुसती बॉडी बांधून आरटीओत नेली आणि पासिंग झालं असं होत नाही.

दुसरं, १९७८ चे प्राणी वाहतुकीचे नियम. घोड्यांसाठी त्यात लिहिलंय की प्रत्येक दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटीमीटर व्यासाचा बांबू, मागे दोन भक्कम आडवे दांडे, घोड्यांची तोंडं डावीकडे म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांपासून दूर, आणि गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नाही. आता नागपूर ते पुणे सातशेच्या वर किलोमीटर, ३५ ने गेलात तर नुसते चाकं फिरण्याचे २० तास, मधले पाण्याचे थांबे वेगळे. म्हणजे वाटेत एक मुक्काम आलाच. त्यामुळे तुमची खोलीची गरज खरी आहे, ती चैन नाही. निघण्याआधी पशुवैद्याचा प्रवासयोग्यतेचा दाखला घ्यायला विसरू नका.

ह्यूस्टन_वाया_खामला
वा, डावीकडे तोंड हे वाचून एक लक्षात आलं. अमेरिकेतले तिरक्या कप्प्यांचे ट्रेलर पण बहुतेक डावीकडे तोंड करूनच असतात. पण इथे आम्ही रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतो, म्हणजे इथे घोड्याचं तोंड वाहतुकीकडे येते आणि खोलीचं दार उजवीकडे, रस्त्याच्या कडेला. तुमचा बॉडीवाला अमेरिकन नकाशा आरशात उलटा केल्यासारखा उलटवायला जाईल तर त्याला थांबवा. घोड्यांचे कप्पे आहेत तसेच ठेवायचे, फक्त खोलीचं दार डावीकडे आणायचं.

याचा फायदा पण पहा. रस्त्याच्या कडेला थांबलात की घोड्याच्या तोंडाकडच्या खिडक्या कडेच्या बाजूला आहेत, पाणी-चारा देणारा माणूस गाड्यांच्या बाजूला उभा राहत नाही. आणि घोड्याच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग पुढच्या पायांवर असतो, म्हणजे ट्रेलरची डावी बाजू जड. रस्त्याचा उतारही आपल्याकडे डावीकडेच. दार डावीकडे गेल्यामुळे ओटा, फ्रीज, बॅटरी, पाण्याची टाकी आपोआप उजवीकडे येतात, तोल सावरतो. पाण्याची टाकी मात्र मुद्दाम उजव्या भिंतीला आणि ॲक्सलच्या जवळ घ्या.

८ फुटाच्या बाजूने एकच शेवटचं, म्हणजे एकतर्फी व्हायला नको. ज्याला १७ हातांचे, म्हणजे ६८ इंच उंचीचे मोठे युरोपियन घोडे न्यायचे आहेत, ज्याचं सगळं जाणं मोठ्या हायवेवर आहे आणि ज्याच्या दारात मोठं अंगण आहे त्याने ८ घ्यावं, जमीन उंच करून घ्यावी. ८ फूट म्हणजे २.४४ मीटर, तुमच्या कायद्यातही बसते, मालवाहू कंटेनर असतो तेवढीच रुंदी. मारवाडी आणि पांदण असेल तर मला कारण दिसत नाही.

वाडी_नाका
ट्रक घरचा आहे म्हणता तर एक विचारतो, ट्रकला मागे ट्रेलर ओढायची कागदावर परवानगी आहे का? हुक वेल्ड केला म्हणजे झाले असं नाही.

हिंगणा_बॉडीबिल्डर
अगदी. ट्रक अधिक ट्रेलर मिळून कंपनीने दिलेल्या एकूण वजनात बसलं पाहिजे. असा ट्रेलर रिकामाच अडीच-तीन टनाला जाईल, दोन घोडे ९०० किलो ते एक टन, पाणी, खोगीर, चारा वेगळा. म्हणून पिकअपच्या मागे हे लावायचा कोणी सल्ला देईल तर ऐकू नका. रुंदी फुटाने वाढली की जमीन, छत, पुढची-मागची भिंत सगळंच वाढते, ते वजन ब्रेकवर येते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक पाहिजेतच.

काटोलरोडकर
मंडळी, मनापासून आभार. चुना टाकून पाहिलं. रपट्याच्या वळणावर आतल्या बाजूला जागा आहे पण शेताचा एक धुरा (बांध) थोडा कापा लागेल, शेजाऱ्याशी बोललो, तो तयार आहे. हॉलमध्ये चिकटपट्टी लावून २ मीटरची खोली आखली, घरच्यांनी त्यात चहा केला, आई पण बसली, आणि तिथेच ८ फुटाचा हट्ट संपला. मुलगी म्हणते मागचं तोंड पूर्ण रुंद मिळणार असेल तर तिची हरकत नाही.

तर असं ठरवून राहिलो: बाहेरून २.०८, मडगार्डसकट २.५५, चाकं बाहेर, फळ्या ४५ अंश, तोंडं डावीकडे, खोलीचं दार डावीकडे, टाकी उजवीकडे. नकाशा आधी तपासणीला पाठवतो, मग लोखंड घेतो. ट्रकचे कागद पण तपासायला दिले.

एक राहिलं. फळ्या तिरक्या केल्यावर मागे डाव्या कोपऱ्यात तिकोण मोकळा राहते. बॉडीवाला म्हणते तिथे खोगीर-लगामाचं कायमचं कपाट करून देतो. करू का?

पागेची_डॉक्टर
कायमचं नको. ते कपाट मागच्या तोंडाची निम्मी रुंदी खाऊन टाकते आणि जहागीरला पुन्हा तीच अरुंद फट दिसेल. शिवाय घोडा आत पडला, अडकला तर मागून पूर्ण उघडता आलं पाहिजे.

हिंगणा_बॉडीबिल्डर
डॉक्टरांचं बरोबर. पुढच्या उजव्या कोपऱ्यातही तेवढाच तिकोण निघते, खोलीची भिंत तिरकी घेतली की तो आत येते. अर्ध्यात बाथरूम बसवा, अर्ध्यात बाहेरून उघडणारं खोगिराचं कपाट, दार उजवीकडे. ते दार रस्त्याच्या बाजूला येते म्हणून खोगीर मुक्कामावर पोचल्यावरच काढायचं, वाटेत नाही. मागे पाहिजेच असेल तर बिजागरावर भिंतीला दुमडणारी जाळी लावा, मोरक्या अन् दोर अडकवायला पुरते.

काटोलरोडकर
दुमडणारी जाळीच करतो. पुढच्या तिकोणाचं माप तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतो काका, बाथरूमचं दार आत उघडायचं का सरकतं ठेवायचं ते पण तेव्हाच सांगा.

वर्धारोड_वहिनी
सरकतं ठेवा. आत उघडणारं दार त्या तिकोणात पूर्ण उघडतच नाही.